तीन नावांची फाइल: जोडीदाराच्या अमेरिकी व्हिसाच्या मुलाखतीची तयारी

माझ्या भाचीच्या व्हिसाची फाइल पहिल्यांदा उघडली, तेव्हा आतून तीन मुली निघाल्या. जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी होती आणि पुढे केवळ ‘स्त्री’ एवढीच नोंद होती. दहावीच्या सनदेवर तिचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव होते. लग्नानंतर बदलून घेतलेल्या आधार कार्डावर मात्र लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेले सासरचे नवे नाव होते. जन्मस्थळ एका कागदावर जिल्हा परभणी, तर दुसऱ्यावर जिल्हा हिंगोली. घरात कोणालाच यात काही वावगे वाटत नव्हते, कारण ती मुलगी एकच आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होते. अडचण इतकीच, की मुंबईत काचेच्या पलीकडे बसणारा अधिकारी त्या गावचा नसतो.

जोडीदार अमेरिकेत आणि आपण इकडे, अशा स्थितीतल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘इंटरव्ह्यूला काय काय विचारतात?’ असाच असतो. प्रश्न चुकीचा नाही, पण तो शेवटी यायला हवा. मुलाखत बऱ्याचदा काही मिनिटांत आटोपते, आणि त्या मिनिटांत अधिकारी मुख्यत्वे एवढेच पाहतो, की कागद जे सांगतात तेच समोरचा माणूस सांगतो आहे का, आणि कागदांचे आपसांत पटते आहे का. म्हणून या लेखाचा मोठा भाग खिडकीवरच्या प्रश्नांविषयी नसून, त्याआधी घरी बसून करायच्या कामाविषयी आहे.

हा व्हिसा नेमका कोणाचा

आधी एक घोळ दूर केला पाहिजे. मराठवाड्यातून अमेरिकेत गेलेल्या तरुणांपैकी पुष्कळ जण एच-१बी या कामाच्या व्हिसावर असतात. त्यांच्या जोडीदाराला मिळतो तो एच-४, आणि तो तात्पुरत्या वास्तव्याचा व्हिसा असल्याने त्याचा फॉर्म, त्याची मुलाखत आणि त्याची रीत सगळेच वेगळे असते. इथे बोलतो आहोत ते इमिग्रंट व्हिसाबद्दल, म्हणजे ज्यावर अमेरिकेत उतरताच माणूस तिथला कायमचा रहिवासी होतो आणि नंतर ग्रीन कार्ड घरी येते, त्या व्हिसाबद्दल. तो मिळण्यासाठी जोडीदार अमेरिकेचा नागरिक किंवा स्वतः ग्रीन कार्डधारक असावा लागतो.

नागरिकाच्या पती-पत्नीसाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे प्रक्रियेला जो वेळ लागेल तेवढाच लागतो. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार एफ२ए या वर्गात मोडतो, तिथे संख्या ठरलेली आहे आणि आपली ‘प्रायॉरिटी डेट’, म्हणजे याचिका दाखल झाल्याने रांगेत मिळालेली तारीख, आली का, हे दर महिन्याला निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये पाहावे लागते. लग्न आधी झाले आणि नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्ड नंतर मिळाले, असे असेल तर बहुतेक वेळा नवी कौटुंबिक याचिका लागतच नाही. ‘फॉलोइंग टु जॉइन’ या तरतुदीखाली जोडीदाराला मागाहून जाता येते. ही गोष्ट कित्येकांना माहीत नसते आणि ते विनाकारण नव्याने रांगेत उभे राहतात.

नागरिकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर आयआर-१ किंवा सीआर-१ असे लिहिलेले असते. फरक लग्नाच्या वयाचा आहे. अमेरिकेत प्रवेश करण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते, आणि ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करून अट काढून घ्यावी लागते. इथे मुलाखतीचा किंवा व्हिसा छापल्याचा दिवस धरत नाहीत, विमानतळावर प्रवेश मिळाल्याचा दिवस धरतात. दोन वर्षे पूर्ण व्हायला आठ-पंधरा दिवसच उरले असतील, तर तिकीट तेवढे पुढे ढकललेले बरे. पुढचा एक अख्खा अर्ज आणि त्याची फी वाचते.

मुलाखतीपर्यंतचा रस्ता

सुरुवात अमेरिकेतल्या जोडीदाराने करायची असते. तो यूएससीआयएस या तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे आय-१३० ही याचिका दाखल करतो. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार तिची फी कागदी अर्जासाठी ६७५ डॉलर आणि ऑनलाइन अर्जासाठी ६२५ डॉलर अशी ठरली. याचिका मंजूर झाली की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते. तिथे व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीपत्राच्या छाननीचे १२० डॉलर भरल्यावर डीएस-२६० हा फॉर्म उघडतो आणि कागद स्कॅन करून चढवावे लागतात. सगळे कागद पुरेसे आहेत असे एनव्हीसीने कळवले, की मग मुलाखतीच्या तारखेची वाट पाहायची.

डीएस-२६० घाईत भरू नये, कारण खिडकीवरचा अधिकारी तोच फॉर्म समोर ठेवून बोलत असतो. वयाच्या सोळाव्या वर्षापासून जिथे जिथे राहिलो ते सगळे पत्ते त्यात विचारतात. आपल्याकडची मुले नेमकी त्याच वयात अकरावी-बारावीसाठी लातूरला खोली करून राहतात, नंतर पुण्याला किंवा संभाजीनगरला वसतिगृहात जातात, आणि फॉर्म भरताना मात्र गावाकडचा एकच पत्ता टाकून मोकळी होतात. मग बारावीची गुणपत्रिका लातूरची आणि पत्ता सेलूचा, असे दिसते. ही लबाडी नव्हे, विसरभोळेपणा आहे. पण समोरच्याला दोन्ही सारखेच दिसतात. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरची खाती, आधीच्या नोकऱ्या, पूर्वी कधी अमेरिकेचा व्हिसा मागितला होता का, हेही त्यात असते. पूर्वी विद्यार्थी किंवा पर्यटक म्हणून अर्ज केला असेल आणि तेव्हा स्वतःबद्दल काही वेगळे लिहिले असेल, तर तो जुना अर्ज त्यांच्याकडे जपलेला असतो, हे गृहीत धरून चालावे. फॉर्म पाठवण्यापूर्वी त्याची एक प्रत छापून घ्यावी आणि मुलाखतीच्या आठवड्यात ती शांतपणे वाचावी.

जन्माचा दाखला आणि नावांचा गुंता

सगळ्या कागदांत आपल्या भागात जास्तीत जास्त त्रास देणारा कागद जन्माचा दाखला हाच आहे, आणि त्याचे कारण प्रशासनात जेवढे आहे तेवढेच आपल्या रीतीरिवाजात आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. त्यामुळे मुलीचे सगळे आयुष्य जिंतुरात गेलेले असले तरी तिच्या जन्माची नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत, वसमत किंवा कंधार तालुक्यातल्या एखाद्या गावी असते, आणि दाखला मात्र वडिलांच्या गावी शोधला जातो. तो सापडत नाही म्हणून ‘नोंदच नाही’ असे घरचे ठरवून टाकतात. आधी आईला विचारावे, की बाळंतपण कुठे झाले, घरी की सरकारी दवाखान्यात. अर्धे काम तिथेच होते.

दाखला सापडला पण त्यावर नाव नाही, हा पुढचा प्रकार. बारशाच्या आधीच नोंद झालेली असते आणि नंतर नाव लावायला कोणी गेलेले नसते. अशा नोंदीत नाव समाविष्ट करून घेण्यासाठी त्याच निबंधकाकडे, म्हणजे ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाकडे शाळेच्या दाखल्यासह अर्ज करावा. नोंद खरोखरच नसेल, तर तसे अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र त्याच कार्यालयातून घ्यावे आणि त्याला आईवडिलांची किंवा जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे, तसेच शाळा सोडल्याचा दाखला जोडावा. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा आहे, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या माणसांच्या बाबतीत नोंद नसणे यात काही नवल नाही, आणि ते अधिकाऱ्यांनाही ठाऊक असते. अलीकडे, पंचवीस-तीस वर्षे उशिराने काढलेला दाखला असेल तर तो एकटा पुरेसा वाटत नाही. त्याच्या पाठीशी जुना शालेय पुरावा असावा.

जन्मतारखेचे तर विचारूच नये. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सोयीची म्हणून टाकलेली १ जून ही तारीख महाराष्ट्रात किती जणांची जन्मतारीख आहे, हे प्रत्येक वर्गमित्राला माहीत असते. ग्रामपंचायतीच्या वहीत १४ ऑक्टोबर आणि सनदेवर, पासपोर्टवर १ जून, असा फरक असेल तर तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फरक का पडला हे सांगणारे आईवडिलांचे प्रतिज्ञापत्र करावे, शक्य असेल तिथे नोंद कायदेशीर मार्गाने दुरुस्त करून घ्यावी आणि विचारले तर सरळ सांगावे.

आता जिल्ह्यांची गोष्ट. जालना जिल्हा १९८१ साली, लातूर १९८२ साली आणि हिंगोली १ मे १९९९ रोजी झाला. म्हणून १९९६ साली हिंगोलीत जन्मलेल्या माझ्या भाचीचा जन्म त्या वेळच्या परभणी जिल्ह्यातला, आणि दोन्ही कागद आपापल्या जागी खरे. त्याचप्रमाणे २०२३ पासून औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, त्यामुळे जुन्या दाखल्यावर एक नाव आणि नव्या पासपोर्टवर दुसरे, असे सर्रास दिसते. यासाठी कुठलीही दुरुस्ती करत बसायची गरज नाही. उमेदवाराला मात्र हा इतिहास एका वाक्यात सांगता आला पाहिजे. ‘तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा नव्हता’ एवढे पुरते.

राहिले नाव. व्हिसा पासपोर्टवरच्या नावानेच निघतो, त्यामुळे पासपोर्ट हा खुंटा समजावा आणि बाकीचे कागद त्याला बांधावेत. लग्नानंतर नाव बदलणे बंधनकारक नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल आणि सनदा, पॅन कार्ड, बँकेचे खाते त्याच नावाचे असेल, तर मी तरी व्हिसा हातात येईपर्यंत काहीच बदलू नका असे सांगेन. हौसेने आधी आधार आणि मग रेशन कार्ड बदलून बसलेल्यांनाच पुढे धावपळ पडते. नाव बदलायचेच ठरले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून, पासपोर्ट नव्या नावाने घेऊन, मग बाकीचे अर्ज करावेत, आणि डीएस-२६० मध्ये ‘पूर्वीची नावे’ विचारतात तिथे माहेरचे नाव न चुकता लिहावे. आपले तिपेडी नाव पासपोर्टवर कसे विभागले आहे हेही पाहावे: बहुतेकांच्या पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात असते, पण काही जुन्या पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामाच सापडतो, आणि मग पुढच्या प्रत्येक कागदावर नावाची ओढाताण सुरू होते.

या टप्प्यावर एक माणूस हमखास भेटतो. माझ्या मेव्हण्यांनाही भेटला. ‘कशाला एवढा उपद्व्याप, मागच्या तारखेचा व्यवस्थित दाखला आणून देतो,’ असे त्याने सांगितले आणि भाव पण सांगितला. मेव्हणे जवळजवळ तयार झाले होते. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती किंवा बनावट कागद दिल्यास त्या व्यक्तीवर कायमची बंदी येऊ शकते, आणि ती उठवून घेणे अतिशय अवघड असते. कोऱ्या रकान्याला उपाय आहे, बनावट दाखल्याला नाही. भाचीचे नाव शेवटी रीतसर अर्ज करून लागले. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या चार चकरा पडल्या.

लग्नाचा कागद

मंगल कार्यालयाची पावती किंवा लग्नपत्रिका म्हणजे विवाहाचे प्रमाणपत्र नव्हे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी होते. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषद किंवा महानगरपालिकेत ती करतात आणि तीन साक्षीदार लागतात. हेच निकाहाला आणि बौद्ध विवाहालाही लागू समजावे: काझींकडचा निकाहनामा किंवा विहारातले प्रमाणपत्र फाइलमध्ये जरूर ठेवावे, पण शासकीय नोंदणीचे प्रमाणपत्र सोबत असावे. मराठी किंवा उर्दूतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, आणि भाषांतर अचूक आहे व आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराने सही करून लिहून द्यावे लागते.

तारखेच्या बाबतीत विशेष जपावे. लग्न झाल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि फॉर्ममध्ये विचारलेली तारीख लग्नाची असते. परदेशातल्या स्थळांच्या बाबतीत हल्ली आणखी एक रीत पडली आहे: मुलगा आठ दिवसांच्या सुट्टीवर येतो, कागदपत्रे लवकर सुरू व्हावीत म्हणून १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली निबंधकापुढे सह्या होतात, आणि वाजतगाजत लग्न पुढच्या मोसमात लागते. कायद्याने लग्न पहिल्याच दिवशी झालेले असते. अशा जोडप्याने याचिकेपासून मुलाखतीपर्यंत सगळीकडे तीच तारीख द्यावी आणि दुसरा समारंभ का झाला हे साधेपणाने सांगावे. बायको खिडकीवर पत्रिकेतली तारीख सांगते, कारण तिच्या मनात तेच लग्न असते, आणि घोटाळा होतो.

दोघांपैकी कोणाचे आधी लग्न झालेले असेल, तर तो विवाह संपल्याचा पुरावा हवा: न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला. स्टॅम्पपेपरवर पंचांसमक्ष लिहिलेला फारकतनामा आपल्या खेड्यांत चालून जातो, व्हिसाच्या फाइलमध्ये त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. मामाच्या मुलीशी झालेल्या लग्नाचाही उल्लेख इथेच करायला हवा, कारण मराठवाड्यात ती सोयरीक रूढ आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत सख्ख्या आते-मामे भावंडांच्या विवाहाला कायद्याने मनाई आहे. नाते लपवू नये. जोडीदार ज्या राज्यात राहतो तिथला कायदा काय म्हणतो, हे एखाद्या इमिग्रेशन वकिलाकडून याचिकेच्या आधीच समजून घ्यावे.

पोलिसांच्या दाखल्याबाबत थोडक्यात: भारतात राहणाऱ्यांसाठी पासपोर्ट कार्यालयातून मिळणारा पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतो, पोलीस ठाण्यातून किंवा अधीक्षक कार्यालयातून मिळणारा चारित्र्याचा दाखला नव्हे. दुबईत किंवा अन्य देशात वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिला असाल, तर तिथलाही दाखला मागतात, आणि तो आणायला बराच वेळ जातो.

पैशाची हमी

आय-८६४ हे हमीपत्र अमेरिकेतला जोडीदार भरतो. आपली भूमिका त्यातले आकडे समजून घेण्याची. त्याचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या मार्गदर्शक तक्त्याच्या निदान १२५ टक्के असावे लागते. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे बहुतेक राज्यांत दोन माणसांच्या कुटुंबासाठी हा आकडा वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर येतो. उत्पन्न कमी पडत असेल तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार होऊ शकतो. मालमत्ताही दाखवता येते, पण नागरिकाच्या जोडीदारासाठी ती तुटीच्या तिप्पट किमतीची असावी लागते आणि वर्षभरात विकून रोख करता येण्याजोगी असावी लागते. सातबारा जोडून ‘आमची वीस एकर आहे’ असे सांगणाऱ्यांना हे पचत नाही. पण चार भावांच्या सामाईक नावावर असलेली जमीन वर्षभरात विकली जाईल, असे आपल्यालाही शपथेवर सांगता येणार नाही. ताजे कर विवरणपत्र, पगाराच्या अलीकडच्या स्लिपा आणि नोकरीचे पत्र जोडीदाराकडून मुलाखतीच्या आधी पुन्हा मागवून घ्यावे. हमीपत्र भरून वर्ष उलटले असेल तर हे फार उपयोगी पडते.

संसाराचे पुरावे

लग्न खरे आहे, केवळ व्हिसासाठी केलेले नाही, हे दाखवायचे असते. ठरवून केलेल्या लग्नांची मुंबईतल्या अधिकाऱ्यांना चांगली ओळख आहे. दोन भेटींत लग्न ठरले म्हणून कोणी संशय घेत नाही. संशय येतो तो लग्नानंतर काहीच दिसत नाही तेव्हा. म्हणून पाच किलोचा करिझ्मा अल्बम उचलून नेण्यापेक्षा वीस-पंचवीस फोटो निवडावेत, ज्यांत कुंकवाच्या कार्यक्रमापासून जोडीदाराच्या गेल्या भेटीपर्यंतचा काळ दिसेल आणि दोन्हीकडची माणसे दिसतील, आणि प्रत्येकामागे तारीख, गाव व नाती लिहावीत. सोबत त्याच्या येण्याजाण्याची तिकिटे व पासपोर्टवरचे शिक्के, खात्यावर पाठवलेले पैसे, विम्यात किंवा बँकेत लावलेले वारसाचे नाव, आणि बोलण्याच्या नोंदींची काही पाने. व्हॉट्सअ‍ॅपवरचा सगळा संवाद छापून नेऊ नये. महिन्याला एखादे पान पुष्कळ झाले.

डॉक्टरांची तपासणी

ही तपासणी वाणिज्य दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते, आपल्या घरच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र चालत नाही. मुलाखतीच्या आधी पुरेसा अवकाश ठेवून ती उरकावी. पंधरा वर्षे आणि त्यापुढच्यांचा छातीचा एक्स-रे काढतात, रक्त-लघवी तपासतात, आणि लशींची नोंद पाहून उरलेल्या लशी देतात. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांच्या लशी पूर्वी घेतल्याचे कार्ड असेल तर न्यावे. नसेल तर पुन्हा टोचून घेण्याची तयारी ठेवावी. पूर्वी टीबी होऊन बरा झालेल्यांनी उपचाराचे जुने कागद आणि जुना एक्स-रे शोधून ठेवावा. एक्स-रेवर डाग दिसला तर थुंकीची कल्चर तपासणी, म्हणजे तीत टीबीचे जंतू वाढतात का हे पाहणारी तपासणी होते आणि तिचा निकाल यायला साधारण आठ आठवडे लागतात. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण विमानाचे तिकीट आधी काढून ठेवलेल्यांचे पैसे मात्र जातात.

मुंबईत, खिडकीसमोर

नांदेड, लातूरकडच्या लोकांना हैदराबाद जवळचे आणि तिथेही अमेरिकेचा वाणिज्य दूतावास आहे, म्हणून मुलाखत तिकडेच होईल असे वाटते. इमिग्रंट व्हिसाचे काम मात्र मुख्यत्वे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दूतावासात चालते. आपल्या पत्रावर जे ठिकाण असेल तेच धरावे. त्याच पत्रात आगाऊ नोंदणीच्या आणि पासपोर्ट परत मिळण्याच्या पत्त्याच्या सूचना असतात, त्या आधी पूर्ण कराव्यात. रात्रीच्या देवगिरीने निघून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरायचे आणि तसेच मुलाखतीला जायचे, हा बेत करू नये. गाडी दोन तास उशिरा आली की सगळेच गेले. आदल्या दिवशी पोहोचावे. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पॉवर बँक, मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत, तेव्हा त्या सांभाळायला सोबतचे कोणी बाहेर थांबलेले बरे. अमेरिकेतल्या जोडीदाराने हजर असावे अशी सक्ती नसते. चढवलेल्या प्रत्येक कागदाची मूळ प्रत, मुलाखतीचे पत्र, डीएस-२६० भरल्याचे पुष्टिपत्र, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर चष्म्याशिवाय काढलेले दोन इंच बाय दोन इंचाचे फोटो, एवढे एका साध्या फाइलमध्ये क्रमाने लावावे.

आत बहुधा आधी एका खिडकीवर कागद तपासले जातात, नंतर अधिकाऱ्याची खिडकी येते. बसायला खुर्ची नसते. काचेपलीकडच्या माणसाशी उभ्यानेच बोलायचे असते. उजवा हात वर करून खरे सांगण्याची शपथ घ्यावी लागते. ही इंग्रजीची परीक्षा नव्हे. इंग्रजी चाचरत बोलून अर्थाचा अनर्थ करण्यापेक्षा आपल्याला सोयीची भाषा सुरुवातीलाच विनंती करून मागावी.

नवऱ्याचे नाव विचारले की पूर्ण नाव स्पष्ट उच्चारावे. हे लिहावे लागते, कारण ‘आमचे हे’, ‘मिस्टर’ एवढ्यावर भागवणाऱ्या मुली अजूनही आहेत, आणि एका मुलीच्या तोंडून सवयीने उखाण्याची पहिली ओळ निघाली होती, असे तिनेच हसत सांगितले. त्याचे काम काय, या प्रश्नाला ‘आयटीत आहेत’ हे उत्तर अपुरे. कंपनीचे नाव, शहर, हुद्दा, तो एकटा राहतो की कोणासोबत, त्याला भावंडे किती, त्याचे आधी लग्न झाले होते का, तो शेवटचा कधी आला आणि किती दिवस राहिला, रोज बोलणे कोणत्या वेळी होते, हे आपल्या जोडीदाराबद्दल माहीत असायलाच हवे. लग्न कसे जुळले, हे विचारल्यावर ‘मावशीने बायोडाटा आणला, मार्चमध्ये पाहण्याचा कार्यक्रम जालन्याला झाला, मे महिन्यात लग्न’ असे तीन तुकड्यांत सांगून थांबावे. विचारलेले नसताना खुलासे करत सुटू नये. एखादी गोष्ट माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. अंदाजाने सांगितलेला पगार हमीपत्रातल्या आकड्याशी जुळला नाही, तर ते जास्त वाईट दिसते. दोघांनी उत्तरे लिहून पाठ करण्याऐवजी एका संध्याकाळी फोनवर डीएस-२६० आणि आय-१३० समोर ठेवून वाचून काढावेत. माझ्या भाचीला तिच्या नवऱ्याच्या याचिकेत लग्नाचे गाव चुकीचे पडल्याचे असेच कळले, मुलाखतीच्या नऊ दिवस आधी. तिने खिडकीवर ते स्वतःहून सांगितले; अधिकाऱ्याने दुरुस्ती करून घेतली आणि पुढचा प्रश्न विचारला.

निकाल लागल्यावर

बऱ्याच वेळा तिथेच मंजुरी सांगतात आणि पासपोर्ट ठेवून घेतात. कागद कमी असेल किंवा अधिक चौकशी हवी असेल, तर २२१(जी) असे लिहिलेली चिठ्ठी हातात पडते. कायद्याच्या भाषेत ती नकाराची नोंद असली, तरी बहुतेकांच्या बाबतीत तिचा व्यवहारातला अर्थ ‘हे आणून द्या, मग पाहू’ असाच असतो. चिठ्ठीवर जे मागितले आहे तेच, सांगितलेल्या पद्धतीने, शक्य तितक्या लवकर द्यावे. मागितलेले कागद वर्षभरात दिले नाहीत तर पुन्हा नवा अर्ज आणि नवी फी भरावी लागते. चौकशीसाठी प्रकरण थांबले असेल तर दर आठवड्याला ईमेल पाठवून ते हलत नाही, ऑनलाइन स्थिती पाहत राहावे. लग्नाच्या खरेपणाबद्दलच अधिकाऱ्याची खात्री पटली नाही, तर याचिका यूएससीआयएसकडे परत जाते, आणि तिथून पुढे वकिलाशिवाय चालू नये.

व्हिसा बहुधा सहा महिन्यांपर्यंतचा असतो, पण त्याची मुदत वैद्यकीय तपासणीच्या मुदतीशी बांधलेली असल्याने कमीही असू शकते. त्या आत अमेरिकेत प्रवेश झाला पाहिजे. ग्रीन कार्ड छापून येण्यासाठी २३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरावी लागते, ती निघण्यापूर्वीच भरलेली बरी. ते येईपर्यंत प्रवेशाचा शिक्का बसलेला हाच व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डाच्या जागी चालतो. पासपोर्टसोबत बंद पाकीट दिले असेल तर ते आपण उघडायचे नाही, विमानतळावरच्या अधिकाऱ्याकडे तसेच द्यायचे आणि विमानात हातातल्या बॅगेत ठेवायचे.

पासपोर्ट हातात आला की पेढे वाटण्याआधी व्हिसाच्या पानावरचे नाव, जन्मतारीख, लिंग आणि आयआर-१ की सीआर-१ हे पासपोर्टच्या पहिल्या पानाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, आणि चूक दिसली तर तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाला कळवावे. भाचीच्या व्हिसावर नाव बरोबर होते, माहेरचेच. तांदळांवर लिहिलेले नाव आता फक्त आधार कार्डावर आहे, आणि तेही ती बदलून घेणार आहे.